सोमाली वंशावळ, अरबी मूळपुरुष आणि डीएनए : मित्राच्या काकांना काय सांगू?

मिसिसिपीकाठ

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण विषय मनातून जात नाहीये.

मिनियापोलिसला येऊन मला अकरा वर्षं झाली. अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती इथे आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्रही सोमाली, दारोद कुळातला. आमची मैत्री जुळली ती एका शब्दावरून. तो फोनवर कोणाला तरी ‘अदेर, अदेर’ म्हणत होता. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला वडिलांचा भाऊ. आईच्या भावाला वेगळा शब्द आहे, ‘अब्ती’. म्हटलं, अरे आमच्याकडेही काका वेगळा आणि मामा वेगळा! इथल्या लोकांना दोघेही एकच ‘अंकल’, त्यामुळे आम्हाला दोघांनाही फार बरं वाटलं.

सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, आणि ती साखळी तशीच मागे मागे जाते. तिला ते ‘अब्तिरसी’ म्हणतात, म्हणजे पूर्वजांची मोजणी. मित्राला ती आजीने शिकवली. पाच-सहा वर्षांचा असताना रात्री जेवणं झाली की आजी त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि बोटाच्या एकेका पेराला एकेक नाव. चुकला की पुन्हा अंगठ्यापासून. त्याने मला म्हणून दाखवली तेव्हा त्याचा अंगठा आपोआप पेरांवरून फिरत होता. आपल्याकडे जप करताना फिरतो ना, अगदी तसाच.

त्या साखळीच्या वरच्या टोकाला आहेत शेख अब्दिरहमान बिन इस्माईल अल-जबर्ती, म्हणजेच दारोद. परंपरा सांगते की ते अरबस्तानातून समुद्र ओलांडून आले आणि त्यांचं घराणं पैगंबरांचे चुलतभाऊ अकील बिन अबी तालिब यांचं. त्यांची कबर सनाग प्रांतात हायलान इथे आहे. इसाक कुळाचे शेख इसाक यांचीही अशीच कथा. त्यांची कबर त्याच प्रांतात समुद्रकिनारी मैध गावी, आणि त्यांचं घराणं हजरत अलींचं.

गेल्या महिन्यात मित्राने डीएनए चाचणी केली. गालाच्या आतून बोळा फिरवून पाठवला. पितृवंशाचा निकाल आला तो ‘ई-व्ही३२’. त्याने वाचून काढलं की ही शाखा मुख्यतः आफ्रिकेच्या शिंगातली (म्हणजे सोमालिया-इथिओपियाकडच्या भागातली), अरबांत जी जास्त दिसते ती ‘जे१’. त्याने अदेरना सांगितलं. अदेर सत्तरीचे आहेत. ते आधी म्हणाले यंत्र चुकलं असेल, मग गप्प झाले, आणि आता दोन आठवडे पुतण्याशी नीट बोलत नाहीयेत. मी प्रयोगशाळेत काम करतो (पाणी तपासणीच्या, पण तेवढ्याने काय होतं) म्हणून मित्राने मला विचारलं, की तू येऊन समजावशील का?

शनिवारी जायचंय. या माणसाला खोटं सांगायचं नाही, आणि त्याच्या आईने पेरांवर मोजायला लावलेली नावं खोटी आहेत असंही माझ्या तोंडून चुकून निघायला नको. जाणकारांनी मदत करा.

बोर्लीकर

सुंदर लिहिलंय. ‘तू कुठला’ याआधी ‘तू कुणाचा’ हे विचारणारे आपणच असं मला वाटायचं. लहानपणी गावी गेलो की एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत चार जण विचारायचे, कुणाचा रे तू? बापाचं नाव सांगून भागायचं नाही, आजोबांचं सांगितलं की मग ‘अस्सं, त्यांचा होय’.

आमच्या कुलवृत्तांताचं काम मी नऊ वर्षं केलं. जुन्या पिढ्यांत कुठे एखादं नाव गळलेलं, कुठे दत्तक मुलगा सरळ सख्खा म्हणून लावलेला. म्हणून वंशावळ खोटी म्हणायची का? चाचणीने काय सिद्ध होणार हे मला समजत नाही. काकांना त्यांच्या जागी सुखात राहू द्यावं असं माझं मत.

गुणसूत्र

मी लोकसंख्या-जनुकशास्त्रात काम करते, त्यामुळे बोर्लीकरांशी असहमती नोंदवते. चाचणीने बरंच समजतं. मात्र मित्राने त्या निकालाला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर एका माणसाच्या निकालात नसतं.

आधी पाया. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या मुलग्यांमध्ये उतरतो. ते बदल म्हणजे मार्कर. त्यांवरून शाखा लागतात, आणि दोन पुरुषांचा समान पूर्वज साधारण किती पिढ्यांमागे होता याचा अंदाज बांधता येतो. अब्तिरसी म्हणजे नेमकी हीच साखळी, बाप, बापाचा बाप. म्हणून सोमाली वंशावळ आणि वाय गुणसूत्र एकमेकांशेजारी ठेवता येतात. अशी संधी फार थोड्या समाजांत मिळते.

आता माहिती काय आहे. कोपनहेगनच्या न्यायवैद्यक संशोधकांनी २००५ मध्ये २०१ सोमाली पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून निष्कर्ष छापले. ७७.६ टक्के पुरुष तेव्हाच्या भाषेत ‘ई३बी१’ गटातले निघाले. आज आपण ज्याला ई-व्ही३२ म्हणतो ती त्यातलीच शाखा. शिवाय डीवायएस१९ ही वाय गुणसूत्रावरची एक जागा आहे, तिथे एक छोटा तुकडा किती वेळा येतो ते मोजतात; तिथे ११ हा दुर्मीळ आकडा असलेले ७५.१ टक्के. मित्राच्या अहवालात हा मार्कर असेल तर बघायला सांगा, बहुतेक ११ च असेल. ही माणसं इथिओपिया आणि उत्तर केनियातल्या ओरोमो लोकांच्या अगदी जवळची, आणि ही शाखा सोमाली लोकांत चार ते पाच हजार वर्षांपूर्वी आली असा त्यांचा अंदाज. १०.४ टक्के पुरुष ‘टी’ गटातले (तेव्हाचं नाव के२). युरेशियाकडून आलेली सगळी पितृकुळं मिळून १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टी वगळल्यावर जे१ आणि इतर सगळ्यांना मिळून जेमतेम पाच टक्के उरतात. याउलट येमेनमध्ये तपासलेल्या पुरुषांत एकटा जे१ ७२ टक्क्यांच्या घरात आहे, सौदी अरेबियात ४२ टक्के.

एवढं वाचून ‘संपलं, अरब कथा खोटी’ असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते घाईचं वाटतं, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत.

पहिला प्रश्न : दारोद नावाचा एक मूळपुरुष खरोखर होऊन गेला का, ज्याच्यापासून आजचे पुरुष खाली आले? दुसरा प्रश्न : तो समुद्रापलीकडून आला का?

पहिल्याला मित्राच्या एकट्याच्या बोळ्याने हात लागत नाही. त्यासाठी कुळाच्या लांब लांबच्या फांद्यांतले पुरुष हवेत, ज्यांची अब्तिरसी फक्त अगदी वरच्या नावांवर जुळते. त्यांच्या वाय गुणसूत्रांचा समान पूर्वज आठशे-हजार वर्षांपूर्वीचा निघाला, तर मूळपुरुष प्रत्यक्षात होता म्हणायला भक्कम आधार मिळतो. चार हजार वर्षांपूर्वीचा निघाला, तर वरची नावं ही अनेक घराण्यांनी मिळून बांधलेली मोट आहे असं म्हणावं लागतं. दोन्हींत पेरांवर मोजलेली खालची पंधरा-वीस नावं तंतोतंत खरी असू शकतात.

दुसऱ्याबद्दल : ई-व्ही३२ हातात असताना ‘हा पितृवंश हजार वर्षांपूर्वी कुरैश घराण्यातून (म्हणजे पैगंबरांच्या) आला’ असं म्हणायला आधार नाही. हे अदेरना स्वच्छ सांगा. पण त्याच वेळी हेही सांगा की पैगंबरांच्या घराण्याचा ‘मार्कर’ म्हणून जो फिरतो तो आज जिवंत असलेल्या, स्वतःला त्या वंशाचे म्हणवणाऱ्या पुरुषांवरून काढलेला अंदाज आहे. कुणाच्या कबरीतून तो मोजलेला नाही. भारत-पाकिस्तानातल्या सय्यदांवर २०१० मध्ये अभ्यास छापून आला. त्यांच्यात अरबी पितृकुळांचं प्रमाण आसपासच्या लोकांपेक्षा जास्त दिसलं, पण सगळे एका अलीकडच्या पुरुषाचे वंशज आहेत असं मुळीच दिसलं नाही. काही घराणी आली, काही जोडली गेली.

अनघा_पुणे

ताई, एक शंका. हे सगळं बापाच्या बाजूचं झालं. आईचं काय? मित्राच्या आजीने साखळी शिकवली, पण त्या साखळीत तिचं स्वतःचं नाव नाही!

गुणसूत्र

अनघा, प्रश्न अगदी मोलाचा आहे. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १०२४ जागा असतात, आणि वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेचं बोलतं. उरलेल्या १०२३ जणांबद्दल ते मुकं.

आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए बघितला तर सोमाली लोकांत निम्म्याहून जास्त आफ्रिकी ‘एल’ गट आहेत, उरलेले आशियाशी नातं सांगणारे. आणि संपूर्ण जनुकसंच घेतला तर चित्र आणखी बदलतं. सोमाली आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या जनुकांत पश्चिम आशियाई वाटा भरपूर आहे, पाच-दहा टक्क्यांची गोष्ट नाही. तो कधी आला यावर वाद आहे. २०१२ च्या इथिओपियावरच्या अभ्यासात मिश्रणाचा काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा आला. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासाने म्हटलं की शिंगातल्या लोकांचा एक बिगर-आफ्रिकी घटक त्याहून पुष्कळ जुना, शेतीच्या आधीचा आहे. यातलं काहीही मानलं तरी इस्लामच्या कितीतरी आधी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांची माणसं एकमेकांत मिसळलेली होती. म्हणजे अदेर ‘आमचं रक्त पलीकडचं’ म्हणतात त्यात तथ्य आहे. फक्त ते नातं शेखांच्या काळाहून फार जुनं आहे, आणि सगळ्या कुळांचं सामायिक आहे.

आजीच्या नावाबद्दल : सोमाली बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, कूळही बापाचंच ठेवते. साखळीत मात्र नसते, हे खरं. पण दारोदची कथा नीट ऐका. शेख एकटे फिरत असताना एका विहिरीपाशी राहू लागले. पाणी काढून झालं की विहिरीवर अशी धोंड ठेवायचे जी दुसऱ्या कोणाला हलायची नाही. दिर कुळातल्या एका मेंढ्या राखणाऱ्या मुलीला ते सापडले, तिच्या मेंढ्यांना ते पाणी पाजू लागले. माणसं आली तेव्हा ते झाडावर चढून बसले आणि मुलगी दिल्याशिवाय खाली उतरेनात. शेवटी मुलीचा बाप दिर, त्याच्या खांद्यावर पाय ठेवून उतरले. त्या मुलीचं नाव दोंबिरो, आणि सगळे दारोद तिची लेकरं. कथा स्वतःच सांगते की आई इथलीच. शेख खरोखर आले असते, तरी तीस पिढ्यांनंतर त्यांच्या जनुकांचा अंश वाय गुणसूत्र सोडून कुठे शोधून सापडला नसता.

मस्कतहून

मी बावीस वर्षं ओमानमध्ये आहे, त्याआधी तीन वर्षं एडनला होतो. एडन आणि बेरबेरा समोरासमोर आहेत हो, मधे आखात तेवढं. झैला, बेरबेरा, मोगादिशू ही बंदरं अरब व्यापाऱ्यांना घरची होती. मोगादिशूच्या हमर वेन भागातली फखर अल-दिन मशीद १२६९ ची आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये तिथे उतरला, तेव्हाचा सुलतान स्थानिक भाषा बोलत होता आणि अरबीही जाणत होता. एवढी ये-जा असताना लग्नं झाली नसतील, हे शक्यच नाही.

टी गटाबद्दल भर घालतो. दिरेदावा आणि जिबूतीकडच्या दिर कुळातल्या इस्सा लोकांत तर टी बहुसंख्य निघाला. इकडे कोणी म्हणतात हाच अरबी पुरावा. पण सौदी नमुन्यांत टी पाच टक्केच आहे, शिवाय हा गट पश्चिम आशियातला फार प्राचीन. त्यामुळे टी दिसला की ‘शेखांचा’ म्हणायचं आणि ई दिसला की ‘नाही’ म्हणायचं, दोन्ही चूक. गंमतीची गोष्ट अशी की दिर लोकांची कथा सोमाली मातीतल्या जुन्या कुळाची आणि दारोद त्यांचे पाहुणे जावई. मार्कर पाहिले तर समुद्राकडे बोट दाखवणारा गट दिरांकडे जास्त!

आणि परंपरेला हसू नये, याचं ताजं उदाहरण. स्वाहिली किनाऱ्यावरची (केनिया-टांझानियाकडची) घराणी स्वतःला शिराझी, म्हणजे इराणी वंशाची म्हणवतात. कित्येक विद्वानांनी ती मोठेपणासाठी रचलेली गोष्ट ठरवली होती. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये जुन्या कबरींतल्या ८० जणांच्या डीएनएचा अभ्यास आला, काळ १२५० ते १८००. आईकडून बहुतांश आफ्रिकी आणि बापाकडून मोठा वाटा आशियाई, त्यात प्रामुख्याने इराणी आणि थोडा भारतीयही. मिश्रण इसवी सन १००० च्या सुमारास सुरू. तिथल्याच किल्वा बंदराच्या जुन्या बखरीत जवळपास हेच आहे. अरबी वाटा नंतरच्या शतकांत वाढला, तो आमच्या ओमानच्या सत्तेचा काळ. म्हणजे त्या किनाऱ्यावर कथा बरीचशी खरी निघाली, आणि थोडं उत्तरेला सोमाली पितृवंशांत तसं दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी तपासूनच बघावं लागतं.

अलिबागकर

स्वाहिलीवरून आठवलं, हे आमच्या किनाऱ्यावरही झालंय. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या आजोबांच्या घाण्याशेजारी त्यांचा घाणा होता. शनिवारी काम बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं, बोलणं आपलं चोख मराठी. त्यांची कथा अशी की जहाज फुटलं आणि सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांची दफनभूमी तिथे दाखवतात, मी लहानपणी गेलोय.

त्यांच्यावर २०१६ मध्ये अभ्यास झाला. मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांशी नातं स्पष्ट दिसलं, स्थानिकांशीही तितकंच स्पष्ट. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, ज्यू बाजूने पुरुष जास्त आणि स्थानिक बाजूने स्त्रिया. तेव्हा ‘सात जोडपी’मधल्या बायका बहुतेक इथल्याच. आमच्या शेजारच्या आजींना हे कोणी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग त्यात काय, शब्बाथ तर पाळलाच ना आम्ही.

विशाखा_न

सगळ्यांचं वाचलं. मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात आमच्या कॉलेजात सोमाली मुलं पुष्कळ होती. त्यातला एक कधीच बाकीच्यांच्या घोळक्यात बसायचा नाही. नंतर कळलं तो जुब्बा नदीकाठचा, त्याच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात मोझांबिक-टांझानियाकडून गुलाम म्हणून आणलेलं. त्याला अब्तिरसीत जागाच नव्हती. एकदा मेसमध्ये कोणीतरी नवख्याने त्याला कूळ विचारलं, तर त्याने ताटातली पोळी तशीच ठेवली आणि उठून गेला. २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत सत्तेची वाटणी ‘साडेचार’ सूत्राने ठरली. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. तो म्हणायचा, मी त्या अर्ध्यातला.

अरबी मूळपुरुषाचा अभिमान कुणाच्या तरी डोक्यावर पाय ठेवून उभा असतो, एवढं विसरू नका. आणि डीएनएचंही तसंच. २००९ मध्ये ब्रिटनच्या सीमा विभागाने, सोमाली असल्याचं सांगून आश्रय मागणाऱ्यांचं मूळ डीएनए, केस आणि नखं तपासून ठरवायचा प्रयोग सुरू केला होता. शास्त्रज्ञांनीच आवाज उठवला, की जनुकांना देशाची सीमा कळत नाही. २०११ मध्ये तो गुंडाळला. अमेरिकेने २००८ मध्ये डीएनएवरून निर्वासितांची नाती तपासली, आधी नैरोबीत आणि मग आफ्रिकेतल्या आणखी काही देशांत, मिळून सुमारे तीन हजार लोक, त्यात सोमाली खूप. सांगितलेली सगळी नाती जुळली अशी कुटुंबं वीस टक्क्यांहून कमी. कुटुंब एकत्रीकरणाचा तो मार्गच २०१२ पर्यंत बंद होता. युद्धात मेलेल्या भावाची पोरं आपली म्हणून वाढवणारी बाई त्या यंत्राला खोटारडी दिसली. तुमच्या मित्राला म्हणावं, जे करायचं ते घरापुरतं ठेव.

बोर्लीकर

विशाखाताई, हे वाचून मी माझं पहिलं मत अर्धं मागे घेतो. तपासणी करावी, पण कोणी मागितली आणि कोणासाठी, ते आधी बघावं.

मिसिसिपीकाठ

मंडळी, शनिवारी जाऊन आलो. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

अदेरनी आधी चहा दिला, वेलची-दालचिनी घातलेला, भरपूर साखरेचा. मी धीर करून सुरुवात केली. गुणसूत्र ताईंचे दोन प्रश्न जसेच्या तसे वेगळे करून मांडले. मित्र सोमालीत सांगत होता. ई-व्ही३२ चा सरळ अर्थ सांगितला, लपवलं नाही. हेही सांगितलं की इसाक, हवीये आणि दारोद, या तिन्ही कुळांत हीच शाखा मोठ्या प्रमाणात दिसते, म्हणजे शेखांच्या कितीतरी आधीपासून ही माणसं एकमेकांची भाऊबंद आहेत.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सोमालीत ‘तोल’ म्हणजे भावकी, आणि शिवणे यालाही ‘तोल’च म्हणतात. रक्तपैशाचा दंड, म्हणजे खुनाची भरपाई, भरायची वेळ आली की सगळी भावकी उंट गोळा करते, तेव्हा कोणी कोणाचं रक्त तपासत नाही. १९९१ मध्ये यादवी युद्धात मोगादिशूतून पळताना मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर त्यांना अब्तिरसी म्हणायला लावली होती. नावं बरोबर आली म्हणून काही ठिकाणी जीव वाचला, आणि एका ठिकाणी तीच नावं ऐकून त्यांच्या धाकट्या भावाला खाली उतरवलं. मित्राने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सांगता सांगता तो थांबला, त्यामुळे मला ते पाच मिनिटांनी कळलं.

विशाखाताईंच्या पुण्यातल्या मित्राबद्दलही मी बोललो. अदेर म्हणाले, आमच्या घरी नदीकाठचा एक माणूस शेतावर होता, त्याला आम्ही कधी कूळ विचारलं नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही. आणि मग म्हणाले, ते चुकलं.

निघताना त्यांनी स्वतःच विचारलं, लांबच्या फांदीतला माणूस म्हणजे किती लांबचा हवा? मी म्हटलं, जितका वर जुळेल तितका उत्तम. त्यांनी डोळे मिटले, अंगठा पेरांवरून फिरवला, आणि मग फोन काढून नैरोबीला लावला. तिथे एक गृहस्थ आहेत, एकोणिसाव्या नावावर यांच्याशी मिळतात. ते तयार आहेत, त्यांचा मुलगाही तयार आहे. निकाल तिघांच्या घरापुरता राहील असं आधीच ठरलंय.

मित्राच्या अहवालात डीवायएस१९ समोर ११ च आहे, ताई.

आता एक व्यावहारिक प्रश्न. केनियाला चाचणीचं किट पाठवून परत मागवण्याचा अनुभव कोणाला आहे का? टपालाने जातं, की येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवावं लागतं?

मस्कतहून

येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. बोळा पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका म्हणावं, दमट हवेत बुरशी धरते. माझा भाचा पुढच्या महिन्यात नैरोबीला जातोय, व्यक्तिगत निरोप करतो.